तिकिटांवरचे शंखशिंपले

कोकणात किंवा गोव्याला सहल झाली, की परतताना पिशवीत मूठभर शंखशिंपले येतातच. आमच्याही घरी आले. दोन दिवसांत घरभर दुर्गंधी सुटली. पाहते तो काय, एका शंखातला जीव आतल्या आत मरून गेलेला! जिवाला फार लागलं. तेव्हापासून मी शंख जमवते, पण टपालाच्या तिकिटांवरचे.

तुम्ही म्हणाल, अशी तिकिटं मिळणार कुठं? अहो, आपल्याच देशापासून सुरुवात करा. त्रावणकोर संस्थानानं १८८८ साली पहिली तिकिटं काढली, त्यांवर शंखच होता. ते संस्थानचं राजचिन्ह! त्यांतली साधी तिकिटं आजही फारशी महाग नाहीत. १९९८ साली भारतीय टपालखात्यानं शंखशिंपल्यांची तिकिटं काढली.  बंगाली सवाष्णींच्या पांढऱ्या बांगड्या आपल्या देवघरातल्या शंखाच्याच बनतात बरं का! परदेशी हवं असेल, तर बहामा बेटांचं १८५९ सालचं पहिलं तिकीट चित्रात तरी पाहा. राणी व्हिक्टोरियाच्या मुखड्याखाली एकीकडे अननस, दुसरीकडे शंख!

आता माझी चूक सांगते. पहिली तिकिटं मी वहीत खळीनं चिकटवली. पावसाळ्यात पानं एकमेकांना चिकटली आणि सोडवताना माझं त्रावणकोरचं तिकीट फाटलं. तुम्ही असं करू नका.

पाकिटावरचं तिकीट भोवतालच्या कागदासकट कापा आणि साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. आपोआप सुटेल, ओढू नका. रंगीत पाकिटाचा तुकडा वेगळा भिजवा, नाहीतर रंग इतरांना लागेल. टिपकागदावर उपडं सुकवून रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवा. हल्लीची स्टिकरसारखी तिकिटं मात्र बहुधा पाण्यानं सुटत नाहीत. ती कागदासकटच ठेवावीत. मग सगळी खाचांच्या स्टॉकबुकात लावा. गोंद नको, खळ नको. पावसाळ्यात स्टॉकबुक कपाटात उभं ठेवा.

आणखी एक. काही जातींच्या शंखांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तेव्हा किनाऱ्यावर कुणी मोठा शंख विकायला आणला, तर मोह आवरा. घरी येऊन मुलांना जवळ घ्या आणि तिकिटावरचा दाखवा. समुद्रातला जीव समुद्रात राहील, आणि दुपारच्या निवांत तासाला तुमचं स्वतःचं असं काहीतरी हाताशी असेल.