मालाबरोबर मनाचाही स्टॉक घ्यावा

कापड बाजारातील जुन्या पेढ्यांवर एक वाक्य आजही ऐकू येते, ‘धंद्यात भावना आणायची नाही.’ ऐकायला पक्के वाटते. पण एखाद्याच्या मनातून भावना खरोखरच निघून गेली तर त्याच्या धंद्याचे काय होते, याचा दाखला वैद्यकशास्त्रात नोंदलेला आहे. आम्हा व्यापाऱ्यांनी तो जरूर समजून घ्यावा.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील मेंदूतज्ज्ञ अँटोनिओ दमासिओ यांनी आपल्या १९९४ सालच्या पुस्तकात एका रुग्णाची हकीकत दिली आहे. त्याला त्यांनी ‘एलियट’ हे टोपणनाव दिले. त्याच्या मेंदूच्या आवरणाला गाठ झाली होती. शस्त्रक्रियेने गाठ निघाली, मात्र तिच्यामुळे खराब झालेला मेंदूच्या पुढील बाजूचा भागही काढावा लागला. माणूस वाचला. स्मरणशक्ती, बोलणे, हिशोब सर्व ठीक. बुद्धीच्या चाचण्यांतही तो कुठे कमी पडला नाही. फक्त आनंद, भीती, खंत या गोष्टी जवळजवळ नाहीशा झाल्या. स्वतःवर ओढवलेले संकट तो दुसऱ्याचे असल्याप्रमाणे शांतपणे सांगे. कोणते काम आधी, कोणते नंतर हे त्याला ठरवता येईना. नोकरी गेली. मग त्याने धंदे सुरू केले. मित्रांनी सावध केले असतानाही एका बदनाम माणसाशी भागीदारी केली, दिवाळे निघाले आणि आयुष्याची बचत बुडाली.

आमच्या भाषेत सांगायचे तर ‘ही पार्टी बरोबर वाटत नाही’ असे जे मन आतून सांगते, तेच त्याच्यात उरले नव्हते. तेव्हा भावना मारून धंदा होत नाही. आपल्यात या घडीला कोणती भावना काम करीत आहे, हे मात्र कळले पाहिजे. यालाच भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही कल्पना मांडली आणि १९९५ च्या डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती घरोघर नेली. पुढे या नावाखाली पुष्कळ शिबिरे आणि दावे विकले गेले, ते सोडून द्यावे.

आमच्या धंद्यात मनाची खरी परीक्षा पडून राहिलेल्या मालावर होते. समजा, ५०० मीटर कापड ११० रुपयांनी घेतले, म्हणजे ५५,००० रुपये गुंतले. फॅशन बदलली आणि आज भाव ८० चा आहे. विकले तर ४०,००० हाती येतात, १५,००० चा तोटा. व्यापारी म्हणतो, ‘थांबू, लग्नसराईत भाव येईल.’ परंतु तेच ४०,००० चालू मालात घालून वर्षात तीन वेळा फिरवले आणि दर फेऱ्याला १० टक्के सुटले तरी १२,००० उभे राहतात. हे गणित पेढीवरचा पोरगाही करील. मग आम्ही का थांबतो? डॅनियल काहनेमान आणि आमोस ट्वेर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की, जेवढा नफा सुखावतो त्यापेक्षा तेवढाच तोटा अधिक बोचतो. १९९२ मध्ये त्यांनी केलेला अंदाज सव्वादोन पटीचा होता. काहनेमान यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. शेअरवाल्यांची हीच खोड हर्श शेफ्रिन आणि मेयर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये नोंदवली होती. नफ्यातला शेअर ते घाईने विकतात आणि तोट्यातला कवटाळून बसतात.

यावर एक प्रश्न आम्हाला उपयोगी वाटतो. हा माल आज आपल्याकडे नसता आणि दलालाने ८० च्या भावाने आणून दाखवला असता, तर घेतला असता का? उत्तर ‘नाही’ असेल तर ११० चा आकडा मनातून काढावा आणि माल मोकळा करावा.

रागाचेही तसेच. पेमेंट अडकले की रात्री व्हॉट्सअॅपवर चार शब्द सुनावले जातात आणि वीस वर्षांचे गिऱ्हाईक तुटते. त्या रागाखाली बहुधा भीती असते, कारण परवा सूतवाल्याला चेक द्यायचा असतो. भीती आहे हे कळले की सूतवाल्याकडून आठ दिवस मागून घेण्याचा मार्ग सुचतो. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूची छायाचित्रे घेऊन दाखवले की, भावनेला नुसते नाव दिले तरी मेंदूतील भीतीशी जोडलेल्या भागाची खळबळ कमी होते. मात्र ‘मूड खराब आहे’ हे नाव नव्हे. भीती की अपमान की हेवा, ते नेमके म्हणावे.

काही गोष्टी आपल्याला दिसत नाहीत, पण मुनीमजींना दिसतात. जोसेफ लुफ्त आणि हॅरिंग्टन इंगम यांनी १९५५ मध्ये ‘जोहारी खिडकी’ मांडली, तिच्या चार कप्प्यांपैकी एक याचाच आहे. (नावाचा आमच्या जौहरीशी संबंध नाही, जो आणि हॅरी यांची ती जोडणी आहे.) मालक कोणत्या गिऱ्हाईकापुढे मऊ पडतो, हे मुनीमजींना एकदा विचारून पाहावे. उत्तर ऐकून घ्यावे, त्यांच्यावर चिडू नये.

उरली उधारी. उर्दू शाळेत मुरव्वत हा मोठा गुण म्हणून आम्हाला शिकवला गेला. मराठीत मात्र भीड भिकेची बहीण. दोन्ही खरे आहे, म्हणून वहीकडूनच निकाल घ्यावा. उधार लिहिताना रकमेशेजारी कारणाचा एक शब्द टाकावा: खात्री, ओळख, भीड, चढाओढ किंवा माल काढण्याची घाई. सहा महिन्यांनी थकबाकी काढली की कोणत्या शब्दापुढे पैसे अडकले ते दिसते. कोणाचे ‘भीड’पुढे अडकतील, तर कोणाचे समोरच्या दुकानाशी केलेल्या ‘चढाओढी’पुढे. हा शब्द त्याच ओळीत हवा. वेगळ्या वहीत लिहिला तर सहा महिन्यांनी दोन वह्या जुळवायला कोणी बसत नाही.