दोन डिस्कांच्या जोडीतलं दुखणं

चांगला चालणारा पीसी अडखळू लागला की दुरुस्ती करणारा आधी हार्ड डिस्क काढतो आणि आपल्या टेबलावरच्या मशीनला लावून बघतो. डिस्क एकटी असेल तर ही सवय बरोबरच आहे. पण तिच्या जोडीला एसएसडीची कॅशे असेल, तर हीच सवय डेटाच्या मुळावर येते. या जोड्यांचा मला कित्येक वर्षांचा नाद आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुन्या सामानात झेड-६८ चा मदरबोर्ड दिसला की माझे पाय आजही थबकतात.

२०११ साली झेड-६८ चिपसेटबरोबर इंटेलनं ‘स्मार्ट रिस्पॉन्स’ आणलं. एसएसडी तेव्हा फार महाग होती, म्हणून तिचा १८.६ ते ६४ जीबीचा तुकडा कॅशे म्हणून वापरायचा आणि वारंवार लागणारा डेटा त्यात ठेवायचा. लिनक्सच्या कर्नेलमध्ये २०१३ मध्ये हेच काम करणारं बीकॅशे आलं, २०१७ मध्ये त्याच कामासाठी इंटेलची ऑप्टेन मेमरी आली, आणि २०२२ मध्ये ऑप्टेन गुंडाळल्याचं जाहीर झालं. इतिहास एवढा पुरे.

खरी गंमत लिहिण्याच्या पद्धतीत आहे. स्मार्ट रिस्पॉन्सच्या ‘एन्हान्स्ड’ मोडमध्ये प्रत्येक बदल हार्ड डिस्कवर तिथल्या तिथे उतरतो. एसएसडी मेली तरी फक्त वेग जातो. ‘मॅक्सिमाइज्ड’मध्ये बदल आधी एसएसडीवर जातो आणि हार्ड डिस्कवर सवडीनं उतरतो. व्यवहार कच्च्या वहीत टिपलेला, खतावणीत अजून चढवायचा, अशी ही स्थिती. अशा वेळी एकटी हार्ड डिस्क काढून दुसरीकडे लावली की फाइल सिस्टिम मोडलेली दिसते. त्यावर कुणी चेकडिस्क चालवली, तर ती जुन्याच नोंदी ‘दुरुस्त’ करते. नंतर एसएसडी पुन्हा जोडली की दोघींचा मेळ बसत नाही आणि तोवर शाबूत असलेला डेटा तेव्हा खरोखर बिघडतो. बीकॅशे इथे शहाणं आहे: उतरवायचं काही बाकी असताना कॅशे सापडली नाही, तर ते डिस्क आपणहून चालूच करत नाही. ही अडवणूक मला फार आवडते.

जुन्या बोर्डांवर बिघाडाचं कारण कित्येकदा अगदी क्षुल्लक निघतं. सीमॉसचा सीआर-२०३२ सेल संपतो, बायॉस मूळ सेटिंगवर जातं आणि साटा कंट्रोलरचा मोड, ही जोडी ज्यावर चालते त्या ‘रेड’वरून ‘एएचसीआय’वर येतो. मग विंडोज निळ्या स्क्रीनवर ७-बी एरर दाखवतं आणि लोक नवी डिस्क घ्यायला धावतात. सेल बदला, मोड परत ‘रेड’ करा, मग पुढचं बोला.

दुसरं दुखणं लपून बसतं. रोजचे प्रोग्रॅम कॅशेतून झटकन उघडतात, पण जुन्या फोटोंचा फोल्डर उघडला की पीसी गोठतो. खराब सेक्टर हार्ड डिस्कवर असतात आणि रोजचं वाचन तिथवर पोचतच नाही. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हार्ड डिस्कचा सी-५ हा आकडा शून्याच्या वर असेल, तर आधी बॅकअप घ्या. सी-७ वाढत असेल, तर डिस्कवर संशय घेण्याआधी साटा केबल बदला.

तपासणीचा क्रम माझ्या मते एकच. पीसी सुरू होत असेल तर बॅकअप घ्यायचा, मग इंटेलच्या रॅपिड स्टोरेज सॉफ्टवेअरमधून ॲक्सिलरेशन बंद करायचं. त्यानं उरलेला डेटा हार्ड डिस्कवर उतरतो. ते पूर्ण झाल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा नाही. पुढे दोन्ही ड्राइव्ह वेगवेगळ्या तपासायच्या. जोडी पुन्हा बांधायचीच असेल तर ‘एन्हान्स्ड’मध्ये बांधा, ‘मॅक्सिमाइज्ड’चा जास्तीचा वेग घरच्या पीसीवर या जोखमीच्या तोलाचा नाही.

आणि असा पीसी दुरुस्तीला देणार असाल, तर कॅबिनेटवर ठळक अक्षरांत लिहून चिकटवा: ‘आत एसएसडी कॅशे आहे, दोन्ही ड्राइव्ह एकत्र ठेवा.’