जॉर्जियाचा कापूस, हिंगणघाटचा भाव

आमच्या हॉस्टेलमधल्या एका मित्राला अटलांटाच्या एका युनिव्हर्सिटीत एम.एस.साठी ॲडमिशन मिळाली. पार्टी वगैरे रीतसर झाली. त्याचे बाबा हिंगणघाट तालुक्यातले कास्तकार. पेढ्यांचा पुडा घेऊन ते हॉस्टेलवर आले, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तिकडं पऱ्हाटी असते काय?" आम्ही चार भावी इंजिनिअर एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. अटलांटा म्हणजे कोकाकोला, सीएनएन आणि १९९६ चं ऑलिम्पिक, इथे आमचं ज्ञान संपत होतं. नंतर लायब्ररीत बसून शोध घेतला, तेव्हा कळलं की काकांचा प्रश्न आमच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा हुशार होता. पऱ्हाटी असते. आणि तिथल्या पऱ्हाटीमुळे एकेकाळी आपल्या हिंगणघाटचा भाव वर-खाली झालेला आहे.

आधी एक घोळ मिटवू. जॉर्जिया नावाच्या दोन जागा आहेत. एक देश आहे, रशियाच्या दक्षिणेला, जिथे आपल्याकडची बरीच मुलं एम.बी.बी.एस. करायला जातात. आपण बोलतोय ते अमेरिकेतलं राज्य, देशाच्या आग्नेय कोपऱ्यातलं, अटलांटिक महासागराला लागलेलं. क्षेत्रफळ सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे बरोबर अर्धा महाराष्ट्र, किंवा आपले चोवीस वर्धा जिल्हे. लोकसंख्या २०२० च्या गणनेत एक कोटी सात लाख. अर्ध्या महाराष्ट्राएवढ्या जागेत इतकी कमी माणसं, तरी तिथे जिल्हे (त्यांच्या भाषेत काउंटी) किती असावेत? १५९! खेचरावर बसून शेतकऱ्याला एका दिवसात कचेरीचं काम उरकून घरी परतता यावं म्हणून इतके केले, असं सांगतात. आपल्या तहसीलच्या चकरा मारलेल्यांना ही कल्पना नक्की आवडेल.

समुद्रकिनारा मात्र जेमतेम १६० किलोमीटरचा. पण तो साधा वाळूचा किनारा नाही. पुढे समुद्रात बेटांची एक रांग आहे, टायबी, सपेलो, जेकिल, कंबरलँड अशी. ही बेटं आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये मैलोनमैल खाऱ्या पाण्याची गवताळ दलदल पसरलेली आहे. फ्लोरिडा आणि कॅरोलिना यांच्यामध्ये किनारा आत वळून मोठ्या खोलगट भांड्यासारखा झाला आहे आणि जॉर्जिया त्याच्या तळाशी येतो. भरतीचं पाणी चहूबाजूंनी दाबत त्या तळाकडे येतं, म्हणून इथली भरती दोन-अडीच मीटर चढते, शेजारच्या राज्यांपेक्षा जास्त. रोज दोनदा गाळ आणि मीठ येणार, दोनदा पाणी उतरणार. दलदल टिकून आहे ती त्यामुळे.

किनाऱ्यापासून आत जाऊ लागलं की आधी सपाट, वालुकामय मैदान, मग लाल मातीचा उंचसखल पट्टा आणि अगदी उत्तरेला डोंगर. सगळ्यात उंच शिखर ब्रासटाउन बाल्ड, १४५८ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे, तेव्हा त्या बाबतीत आपण पुढे! सिव्हिलवाल्यांना रस वाटावा अशी जागा मात्र मैदान आणि लाल मातीच्या सीमेवर आहे. करोडो वर्षांपूर्वी समुद्र तिथपर्यंत होता. वरच्या बाजूचा खडक जुना आणि कठीण, खालचा गाळ मऊ. त्यामुळे प्रत्येक नदी ही सीमा ओलांडताना धबधब्यासारखी खाली येते. समुद्राकडून येणाऱ्या बोटींना तिथे थांबावंच लागे आणि पडणाऱ्या पाण्यावर गिरण्या चालवता येत. ऑगस्टा, मेकन आणि कोलंबस ही तीन शहरं नकाशावर एका तिरप्या रेषेत दिसतात ती याच कारणाने.

आता इतिहास. इंग्रजांनी अमेरिकेत वसवलेल्या तेरा वसाहतींपैकी ही शेवटची. १७३३ साली जेम्स ओगलथॉर्प याने सव्हाना शहराची आखणी केली आणि राजा दुसरा जॉर्ज याचं नाव वसाहतीला मिळालं. गंमत म्हणजे (गंमत कसली!) इथे सुरुवातीला गुलामगिरीला बंदी होती. १७३५ साली तसा कायदाच केला होता. पण शेजारच्या साऊथ कॅरोलिनात गुलामांच्या जिवावर भातशेतीतून पैसा निघताना दिसत होता. १७५१ मध्ये बंदी उठली. पुढे मूळच्या क्रीक आणि चेरोकी लोकांच्या जमिनी काढून घेऊन गोऱ्या लोकांना चक्क लॉटरीने वाटल्या आणि १८३८ साली चेरोकींना सैन्य लावून शेकडो मैल पश्चिमेला हाकललं. त्यात हजारो माणसं मेली.

कापसाची खरी गोष्ट सुरू होते १७९३ मध्ये, आणि तिचा नायक म्हणा की खलनायक म्हणा, एक मशीन आहे. किनाऱ्याजवळच्या बेटांवर लांब धाग्याचा कापूस होई. त्याची सरकी गुळगुळीत, दोन लाटण्यांच्या चरखीतून सहज सुटणारी. आपल्याकडे अशी हातचरखी शेकडो वर्षं होती. पण आतल्या भागात जो कापूस तगायचा त्याची सरकी रुईला घट्ट चिकटलेली. एका माणसाने दिवसभर बसून हाताने साफ केला तर जेमतेम पौंडभर रुई मिळे. सव्हानाजवळच्या एका मळ्यावर उतरलेल्या एली व्हिटनी नावाच्या तरुणाने फिरत्या रुळावर तारेचे दात बसवले. हे दात बारीक फटींच्या जाळीतून रुई ओढून घेत आणि सरकी जाळीच्या अलीकडेच राही. दिवसाला पन्नास पौंड!

मशीन आलं की मजूर कमी लागतील, असं आपल्याला शिकवतात. इथे उलट झालं. साफ करणं स्वस्त झालं, म्हणून लावणं फायद्याचं झालं, आणि लावायला, निंदायला, वेचायला माणसं हवीच होती. जॉर्जियात १७९० मध्ये २९ हजार गुलाम होते. १८६० मध्ये ४ लाख ६२ हजार. राज्यातल्या दर शंभर माणसांत चव्वेचाळीस. मेकॅनिकलच्या पुस्तकात व्हिटनीचं जिन येतं, हा आकडा येत नाही.

१८६० पर्यंत इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा अमेरिकेच्या दक्षिणेकडून जात होता. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखायला सुरुवात केली. सव्हाना बंदराच्या तोंडावर पुलास्की नावाचा किल्ला होता. अडीच कोटी विटांचा, सात-साडेसात फूट जाडीच्या भिंतींचा. समोरच्या टायबी बेटावरून, मैलाहून जास्त अंतरावरून, कोणतीही तोफ या भिंतीला भोक पाडू शकणार नाही असं भल्याभल्यांचं मत होतं. ते गोल गोळ्याच्या जुन्या तोफांबाबत खरंही होतं. पण उत्तरेच्या क्विन्सी गिलमोर या इंजिनिअर अधिकाऱ्याने नळीला आतून पिळाच्या खाचा असलेल्या तोफा आणल्या. गोळा स्वतःभोवती फिरत जातो, म्हणून सरळ जातो आणि खोल घुसतो. १० एप्रिल १८६२ ला सकाळी मारा सुरू झाला, तीस तासांत भिंतीला खिंडार पडलं. आता गोळे थेट दारूच्या कोठाराकडे जाऊ लागले आणि दुसऱ्या दिवशी किल्ल्याने शरणागती पत्करली. सव्हाना बंद. बाकीच्या बंदरांचंही कमी-जास्त तेच झालं.

आणि त्याच वर्षी, १८६२ मध्ये, नागपूरपासून वेगळा काढून आपला वर्धा जिल्हा तयार झाला. मुख्यालय आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. वर्धा शहर नव्हतंच, तिथे पालकवाडी नावाचं खेडं होतं. १८६६ मध्ये मुख्यालय तिथे आलं. हिंगणघाट मात्र तेव्हाही मोठी बाजारपेठ होती आणि तिथल्या 'बनी' कापसाचं नाव लांब धाग्यासाठी मुंबईपर्यंत होतं. लिव्हरपूलला अमेरिकी कापसाचा भाव १८६० ते १८६४ मध्ये चौपटीच्या वर गेला. त्या भावाची धग मुंबईमार्गे थेट वणा नदीच्या काठापर्यंत आली. नांगराचे फाळ आणि बंडीच्या चाकांच्या धावा चांदीच्या करून घेतल्याच्या कथा त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवल्या आहेत. कथाच असतील, पण अशा कथा सुचायलासुद्धा हातात पैसा खेळावा लागतो.

हा पैसा टिकला नाही. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, बातमी मुंबईला पोचली आणि भाव कोसळले. कापसाच्या पैशावर उभे राहिलेले मुंबईचे शेअर जुलैमध्ये कागदाच्या किमतीचे झाले. आपल्याकडे रेल्वे कधी आली म्हणाल, तर मुंबईची लाइन वर्ध्यावरून नागपूरला पोचली १८६७ मध्ये, म्हणजे तेजी संपल्यावर! तेजीतला माल बंड्यांवरूनच गेला. हिंगणघाटला रूळ त्याहून उशिरा, १८७० च्या दशकात आले. पण आले तेव्हा इथला शेतकरी परदेशच्या भावाला कायमचा बांधला गेला होता. हिंगणघाटचा भाव लिव्हरपूलला ठरतो, ही गोष्ट आपल्या पणजोबांना गूगलशिवाय माहीत होती.

तिकडे जॉर्जियात काय झालं? गुलामगिरी संपली, जमीन मात्र मिळाली नाही. मुक्त झालेली माणसं त्याच मळ्यांवर बटईने कापूस करू लागली. बी-बियाणं, किराणा, कापड सगळं दुकानदाराकडून उधार, तारण म्हणून उभं पीक, आणि हंगामाच्या शेवटी हिशोबात बाकी शेतकऱ्याकडेच. बरेच गरीब गोरेही त्याच चक्रात सापडले. नावं बदला, ही गोष्ट आपल्या गावची होईल.

त्यात १९१५ च्या सुमारास बोंडात अंडी घालणारा एक सोंड्या किडा मेक्सिकोकडून सरकत सरकत तिथे पोचला. १९११ मध्ये राज्यात २८ लाखांच्या आसपास गाठी झाल्या होत्या, १९२३ मध्ये सहा लाखांच्या आत. हजारो कुटुंबं गावं सोडून उत्तरेकडच्या शहरांत गेली. राहिले ते भुईमुगाकडे वळले. आज अमेरिकेतला जवळपास निम्मा भुईमूग जॉर्जियात होतो आणि राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर हे तिथले भुईमुगाचेच शेतकरी. हा किडा गेला कसा, तेही वाचण्यासारखं आहे. शेतकऱ्यांनी मतदान करून ठरवलं आणि १९८७ पासून सगळ्यांनी एकत्र मोहीम चालवली. एकरी वर्गणी, प्रत्येक शेतात गंधाचे सापळे, सापळ्यात किडा दिसला तरच आणि तिथेच फवारणी. काही वर्षांत किडा संपला, कापूस परत आला. आज कापसात टेक्सासनंतर जॉर्जियाचाच नंबर लागतो. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात काय केलं ते आपण पाहिलंय. दोन्ही किडे वेगळे, आपली शेतं लहान, मालक हजारो, त्यामुळे तोच उपाय जसाच्या तसा इथे चालेल असं मला वाटत नाही. पण एकट्याच्या फवारणीने शेजारच्या वावरातली अळी जात नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

कापूस सोडून दुसरा एक धागाही आहे, आणि तो आपल्या सेवाग्रामचा. बेंजामिन मेज हे शेजारच्या साऊथ कॅरोलिनातले. त्यांचे आई-वडील जन्माने गुलाम आणि नंतर कापसाचे शेतकरी. १९३६-३७ च्या हिवाळ्यात म्हैसूरच्या एका परिषदेसाठी ते भारतात आले आणि वाट वाकडी करून वर्ध्याला गांधीजींना भेटले. सेवाग्रामचं नाव तेव्हा शेगाव होतं. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा, म्हणून १९४० मध्ये ते बदललं. अहिंसा ही एकट्या माणसाची गोष्ट न राहता अख्ख्या समाजाला कशी शिकवायची, हा मेज यांचा प्रश्न होता. त्यांनी जातिव्यवस्थेबद्दलही विचारलं. १९४० मध्ये ते अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजचे अध्यक्ष झाले. चार वर्षांनी तिथे पंधरा वर्षांचा एक मुलगा दाखल झाला, मार्टिन ल्यूथर किंग. किंग यांनी मेज यांना कायम गुरू मानलं, आणि १९६८ मध्ये किंग यांची हत्या झाली तेव्हा अंत्ययात्रेच्या वेळी मोरहाउसच्या मैदानावर शेवटचं भाषण केलं ते मेज यांनीच. बापू कुटीवर आपण पाहुणे आले की फोटो काढायला जातो. मी स्वतः तीन वर्षांत दोनदा गेलो, दोन्ही वेळा पाहुण्यांबरोबर.

मित्र आता अटलांटात रुळला आहे. तिथे महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो, पोहे मिळतात. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही त्याच्या गावी गेलो होतो, तेव्हा त्याने मोबाइलवर फोटो पाठवले. मेकनच्या खाली कुठेतरी क्षितिजापर्यंत पांढरं शेत, त्यात घराएवढं हिरवं मशीन, मागे पिवळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कापसाचे गोल गठ्ठे. काकांनी चष्मा लावून फोटो मोठा करून पाहिला. एकर किती, पाऊस किती, भाव काय, सगळं विचारून घेतलं. मग परत पहिल्या फोटोवर आले, इकडून तिकडे सरकवून काहीतरी शोधत राहिले.

"वेचाले बाया नाई दिसत कोठी?" त्यांनी विचारलं.