तिसाव्या दिवसाच्या आत

नांदेड जिल्ह्यातल्या इस्लापूरच्या आसपास एखाद्या तांड्यावर अपुऱ्या दिवसांचं बाळ जन्मलं की सगळी धावपळ त्याच्या श्वासासाठी असते. किनवट, नाहीतर थेट नांदेड. बाळ ‘काचेत’ राहतं, वजन धरतं, घरी येतं. डोळे टपोरे, स्वच्छ. पण नेमक्या याच दिवसांत, बाहेरून काहीही न दिसता, त्या डोळ्यांच्या आत ‘आरओपी’ म्हणजे रेटिनोपॅथी ऑफ प्रिमॅच्युरिटी बळावत असू शकते.

दृष्टिपटलावरच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या, रक्तवाहिन्या गर्भाच्या साधारण १६व्या आठवड्यापासून वाढू लागतात. कडेपर्यंत पोचायला त्यांना जवळजवळ ४०वा आठवडा उजाडतो. बाळ ३०व्या आठवड्यातच बाहेर आलं तर कडेचा पट्टा वाहिन्यांविना राहतो. त्यात ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त मिळाला की ही वाढ थबकते. पुढे वाढत्या पडद्याला तोच ऑक्सिजन अपुरा पडतो आणि घाईघाईने वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात. त्या पडदा ओढतात. पडदा पूर्ण सुटला की दृष्टी गेलीच म्हणायची. त्याआधीच्या मोजक्या आठवड्यांत लेझर किंवा डोळ्यातलं इंजेक्शन ती बहुतेकदा वाचवतं.

तपासताना डॉक्टर मुख्यतः पाहतात ते पडद्याच्या मध्यभागातल्या वाहिन्या किती फुगल्या, किती नागमोडी झाल्या. ‘किती’ यावर मुरलेल्या तज्ज्ञांचंही एकमत होत नाही. संगणकाचं काम इथेच सुरू होतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी ५,५०० हून अधिक छायाचित्रांवर एक प्रणाली शिकवून तयार केली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिचं निदान ९१ टक्के वेळा बरोबर आलं. तीच चित्रं पाहणाऱ्या आठ तज्ज्ञांची सरासरी होती ८२.

आकड्याने हुरळून जाऊ नये. अमेरिकेत साधारण १,५०० ग्रॅमपर्यंतच्या किंवा ३० आठवड्यांपर्यंतच्या बाळांची तपासणी होते. आपल्याकडे त्याहून वजनदार बाळंही या आजाराने आंधळी होतात, म्हणून भारतीय निकष २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजन किंवा ३४ आठवड्यांआधीचा जन्म असे आहेत. तिकडे शिकलेलं यंत्र इकडे पारखूनच घ्यायला हवं. तसं ते दक्षिणेतल्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या दूरतपासणी उपक्रमातल्या चित्रांवर पारखलं गेलं. २०२१च्या त्या अहवालानुसार उपचाराची गरज असलेलं एकही बाळ सुटलं नाही. मात्र गरज नसलेल्यांपैकी सुमारे पाचातल्या एकाबद्दल उगाच इशारा मिळाला. मला तरी हा सौदा परवडणारा वाटतो.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. ज्या नवजात कक्षांत ऑक्सिजनचं प्रमाण राखणारी मिश्रण-यंत्रणा आणि पल्स ऑक्सिमीटर नव्हते, तिथल्या बाळांचा आजार संगणकाच्या मोजमापात जास्त तीव्र निघाला. म्हणजे यंत्र बाळाबरोबर त्या कक्षाचीही तपासणी करू शकतं. आजार होऊच नये यासाठी एवढी थेट खूण दुसरीकडे क्वचितच मिळते.

पण चित्र काढायला बाळ कॅमेऱ्यासमोर हवं. कॅमेरा बाळापर्यंत नेता येतो. बेंगळुरूच्या नारायण नेत्रालयाचे डॉ. आनंद विणेकर यांच्या ‘किडरॉप’ उपक्रमात २००८पासून प्रशिक्षित तंत्रज्ञ जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कक्षांत जाऊन चित्रं काढतात. घरी परतलेल्या बाळाचं काय? तिथे आशाताईच लागते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या कामातून पुढे आलेल्या घरगुती नवजात सेवेत ती जन्मानंतरच्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येते. आरओपीची पहिली तपासणी ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. फारच लहान बाळांची दोन-तीन आठवड्यांतच. अठ्ठाविसाव्या दिवशी आठवण केली तर हातात दोनच दिवस उरतात, आणि इस्लापूरहून नांदेड जवळ नाही. संगणक येईल तेव्हा येईल. एकविसाव्या दिवसाच्या भेटीत ‘डोळ्याचा पडदा तपासला का?’ हा प्रश्न आजच विचारता येतो.

घरात असं बाळ असेल तर सुट्टी मिळतानाच तपासणीची तारीख कार्डावर लिहून घ्या. पहिली तपासणी ठीक निघाली तरी पुढच्या चुकवू नका. वाहिन्या कडेपर्यंत पोचल्या असं डॉक्टर सांगेपर्यंत तपासण्या सुरू राहतात.