नेमका कुठे?

मॅपवर धुक्याने भरलेली वाट होती आणि पलीकडून गॉब्लिनांचा गलका ऐकू येत होता. आमचा विझार्ड खेळणारा मित्र उसळून म्हणाला, "फायरबॉल टाकतो!"

खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने विचारलं, "नेमका कुठे?"

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी आणलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका-खेळाचा सगळा जीव मला या प्रश्नात दिसतो. आम्ही पाचव्या आवृत्तीचे २०१४चे नियम पाळतो. मॅजिक मिसाइल सोडायचं तर सावज डोळ्यांना दिसावं लागतं. दिसलं, की तिन्ही बाण आपोआप लागतात. फायरबॉलसाठी मात्र जागा निवडायची, १५० फुटांच्या आतली. ती दिसत नसली तरी चालते. तिथून चहूकडे २० फूट आग पसरते आणि त्या आगीला आपला-परका कळत नाही.

मॅपवरचा एक चौकोन म्हणजे पाच फूट. मित्राने बारा चौकोन पुढचा, रेघा एकमेकींना छेदतात तो बिंदू दाखवला. आमची रोग, म्हणजे चोर-पात्र, विझार्डच्या चार चौकोन पुढे, धुक्यात उभी होती. बिंदूपासून ती ४० फुटांवर, म्हणजे सुरक्षित. हिशेब चोख होता.

पण सातव्या चौकोनाच्या कडेला भिंत होती. धुक्यामुळे ती कुणालाच दिसली नव्हती. न दिसणाऱ्या जागेवर नेम धरला आणि मध्ये भिंत आली, तर स्पेल भिंतीच्या अलीकडेच फुटतो. डंजन मास्टरने आगीचा घेर दाखवणारं तारेचं कडं भिंतीशी ठेवलं. रोग तिथून १५ फुटांवर, थेट कड्याच्या आत. विझार्ड ३५ फुटांवर, बाहेर.

आठ फाशांची बेरीज आली २९. रोग खेळणाऱ्या मैत्रिणीचा सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा फासा, साधला, म्हणून निम्मं, अर्धा सोडून १४ नुकसान झालं. गॉब्लिनांना आच लागली नाही.

मित्र मॅपकडे बघत राहिला. आपण भिंतीची चौकशीच केली नव्हती, हे त्याला उमगलं होतं. ताकद हाती असली की आपण आधी ती वापरतो आणि मग बघतो. भिंतीचा हा नियम आधी बघायला लावतो, म्हणून तो मला मोलाचा वाटतो.

पुढची पाळी आली तेव्हा त्याने स्पेलचं नावही काढलं नाही. मैत्रिणीकडे वळून विचारलं, "भिंत चाचपून बघतेस का? दार कुठे लागतंय?"