ज्येष्ठांचे नेतृत्व आणि आपली जबाबदारी

वार्धक्य कोणत्या वर्षी सुरू होते, याबाबत आपल्या संहितांत एकमत नाही. चरकाचार्य साठीनंतरचे वय जीर्ण मानतात, तर सुश्रुताचार्य सत्तरीनंतर वृद्धावस्था सांगतात. कारखान्याचा निवृत्तीचा नियम मात्र केवळ जन्मतारीख पाहतो, बल पाहत नाही.

दापोडीत एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. तेथून व आसपासच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले कुशल कामगार संधिशूल, अनिद्रा, अग्निमांद्य अशा तक्रारी घेऊन आमच्याकडे येतात. औषधाने वेदना कमी होते. परंतु आपला आता कोणास उपयोग नाही, ही खंत औषधाने जात नाही. आचार-रसायनात वृद्धांचा आदर सांगितला आहे. तो शाल-श्रीफळापुरता न राहता त्यांच्या हाती निर्णय द्यावा, असे आमचे मत आहे.

यासाठी नवी संस्था उभारावयास नको. गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. त्यांचा महासंघ ‘फेस्कॉम’ १९८० पासून महाराष्ट्रात कार्यरत आहे. संघापुढे निश्चित काम ठेवणे एवढेच आपले कर्तव्य.

असे एक काम म्हणजे वस्तीतील वनौषधी उद्यान. एकोणिसाव्या शतकात दापोडीतच मुंबई सरकारचे वनस्पती उद्यान होते. डॉ. अलेक्झांडर गिब्सन या शल्यचिकित्सकाच्या देखरेखीखाली तेथे औषधी वनस्पतींची लागवड होत असे. अडुळसा, निर्गुंडी, गुळवेल, तुळस यांपासून आजही आरंभ करता येईल. मात्र पुढील पथ्ये पाळावीत :

१) जागा, रोपे व वेळापत्रक ज्येष्ठांनीच ठरवावे. वैद्याने सल्लागार राहावे, अध्यक्ष होऊ नये.

२) कामाची वाटणी बलानुसार करावी. जुन्या फिटरने नळजोडणी पाहावी. गुडघे दुखणाऱ्याने खुर्चीवर बसून नोंदवही सांभाळावी.

३) वनस्पती ओळखणाऱ्या आजींना केवळ श्रोत्यांत न बसवता समितीत घ्यावे.

४) वनस्पतीची अंतिम ओळख वैद्यानेच पटवावी. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या अन्य जातीही आढळतात. उद्यानातून परस्पर औषध दिले जाऊ नये.

औषधी दुकानदारांनी रोपे व नामफलक यांचा भार उचलावा.

व्यवसायबंधूंना एकच विनंती. पुढील ज्येष्ठ रुग्णाची नाडी पाहून झाल्यावर, आयुष्यभर त्यांनी कोणते काम केले, हेही विचारावे व त्याची नोंद रुग्णपत्रिकेत करावी. कोणावर कोणते काम सोपवावे, हे त्या नोंदींवरूनच कळेल.