मोडलेला बोल्ट

वडील गेल्यापासून त्यांची स्कूटर हुपरीच्या घरी पडवीत उभी होती. दिवाळीत ती चालू करायचीच, म्हणून मी पान्यावर सारा जोर लावला आणि बोल्टचे डोके तुटून हातात आले! मराठीच्या प्राध्यापकाकडून दुसरे काय होणार?

चांदीकाम करणारे शेजारचे काका हसले. “मास्तर, चांदीत पोलादी ड्रिल मोडलं, तर आम्ही ते तुरटीच्या गरम पाण्यात विरघळवतो, चांदीला काही होत नाही. पण स्कूटर पातेल्यात कशी मावणार?”

त्यांनी पेट्रोलची टाकी उतरवली. थोटकात रात्रभर तेल मुरू दिले. सकाळी ते पुसून भोवतालचे ॲल्युमिनियम तापवले. ते पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. बोल्टवरची पकड सैलावली. पक्कडीने हळूहळू मागेपुढे करताच थोटूक निघाले.

नवा बोल्ट बसला. वडिलांनी आवळलेला तो जुना मात्र माझ्याने टाकवला नाही.